वजन ६१, पोट ९४

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. कापसाच्या वेचणीचे दिवस, त्यामुळे उपकेंद्रात सकाळी नऊच्या आत येतील तेवढेच पेशंट. त्यानंतर अख्खं गाव वावरात. त्या दिवशी बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. एक काकू, वय ४२, वजन ७४ किलो. गुडघे दुखतात म्हणून आल्या होत्या, आणि आशाताईंनी ‘शुगरही करून घ्या’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. शेजारी एक काकाजी, पन्नाशी ओलांडलेले, उंची १६३ सेंटीमीटर, वजन ६१ किलो, हातपाय पऱ्हाटीसारखे. बीपीची गोळी संपली म्हणून ते आले होते. बसलोच आहोत तर बोटही टोचून घेऊ, एवढाच त्यांचा विचार.

दोघंही उपाशीपोटी. काकूंची शुगर आली ९१, नॉर्मल. काकाजींची १४८, म्हणजे वाढलेली.

काकाजी मशीनकडे बघतच राहिले. “मॅडम, माह्यं वजन तं एकसष्टच हाये. मले कायची शुगर? त्या बाईची अन् माही चिठ्ठी बदलली असन.”

चिठ्ठी बदलली नव्हती. मी त्यांना उभं केलं आणि शर्ट वर करायला सांगितला. काळा करदोडा बेंबीवरून घसरून पोटाच्या खाली गेला होता, आणि वर, जिथे तो आधी बसायचा तिथे, जुना वळ अजून दिसत होता. पोट सैल नव्हतं. नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. टेप लावला: ९४ सेंटीमीटर.

त्या दिवशी त्यांना जे सांगितलं ते घाईत सांगितलं, कारण बाहेर बैलबंडी उभी होती आणि बायको आवाज देत होती. इथे जरा निवांत सांगते.

चरबी म्हटलं की आपण सगळी एकाच मापाने मोजतो. पण शरीरात ती वेगवेगळ्या ठिकाणी राहते आणि जागेप्रमाणे तिचा स्वभाव बदलतो. एक कातडीखालची: दंडाला, मांडीला, ढुंगणाला, पोटावरही. बोटांच्या चिमटीत सापडते ती ही. दुसरी पोटाच्या आतली, स्नायूंच्या भिंतीमागे, आतड्यांभोवती आणि गुर्द्यांभोवती. ती चिमटीत येत नाही. बकरा कापताना ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पोट उघडलं की आतड्यांवर पांढऱ्या जाळीचा रुमाल टाकल्यासारखा दिसतो, आणि गुर्दा पांढऱ्या घट्ट गोळ्यात दडलेला असतो. तशीच जाळी माणसाच्या पोटात असते. डॉक्टर तिला ओमेंटम म्हणतात. सडपातळ निरोगी माणसात ती विरलेल्या पदराइतकी पातळ असते. काकाजींसारख्या माणसात तिची गादी होते, आणि पोट आतून बाहेर ढकललं जातं. म्हणून ते हाताला टणक लागतं.

काकूंची चरबी मुख्यतः कंबरेच्या खाली होती. त्यांची कंबर भरली ८४. बायकांसाठी ८० ही हद्द आहे, म्हणजे त्याही हद्दीबाहेरच होत्या, आणि गुडघ्यांवर तो भार पडतच होता. पण शुगरच्या बाबतीत मांडीवरची चरबी ही तशी गरीब गाय असते. आहे तिथे पडून राहते, लवकर त्रास देत नाही.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की लठ्ठपणा दोन तऱ्हेचा असतो, एक पुरुषी घडणीचा, पोटावरचा, आणि एक बायकी घडणीचा, मांड्या-नितंबांवरचा. आणि मधुमेह, हृदयविकार हे पहिल्याच्या मागे येतात. पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी जास्त शुगर, जास्त बीपी, रक्तातली वाढलेली चरबी ही मंडळी एकत्र हिंडतात हे दाखवून त्या टोळीला ‘सिंड्रोम एक्स’ नाव दिलं. गंमत अशी, की त्यांच्या त्या यादीत पोट नव्हतंच. पोट नंतर आलं, आणि आलं ते पाटलासारखं पहिल्या खुर्चीवर बसलं. २००५ मध्ये ५२ देशांतल्या हार्ट अटॅकच्या पेशंटांचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात वजन-उंचीच्या हिशेबापेक्षा कंबर आणि नितंब यांचं प्रमाण धोका जास्त चांगला सांगत होतं.

आता मुद्दा असा की पोटाच्या आत चरबी जातेच का?

आपल्याकडे भाव पडला की कापूस विकत नाहीत, घरात भरतात. आधी मागची खोली भरते. तिथवर काहीच बिघडत नाही. खोली त्यासाठीच आहे. मग ओसरी. मग माजघर, खाटा भिंतीला उभ्या करून. तरी भाव आला नाही तर गंजी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते. कापूस तोच, पण आता चुलीला धोका, उंदरं झाली, पोरांच्या अंगाला खाज सुटली. घर चालवायची जागाच कापसाने अडवली.

कातडीखालची चरबी ही ती मागची खोली. जास्तीचं खाल्लेलं तिथे सुखरूप पडून राहावं अशीच शरीराची रचना आहे. ती खोली भरली, किंवा मुळातच लहान असली, की चरबी पुढे सरकते: आतड्यांच्या जाळीत, मग यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, स्नायूंच्या धाग्यांत. हे अवयव म्हणजे स्वयंपाकघर. त्यांना काम करायचं असतं, साठा ठेवायचा नसतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं लिहून येतं ना, आणि लोक तो कागद घडी करून ठेवून देतात, तो हाच निरोप असतो: गंजी चुलीजवळ पोचली.

काकाजींचा दुसरा प्रश्न असा होता, आणि हा मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो: “रातच्याले एकच भाकर खाल्ली. मंग सकाळी हे शुगर आली कुठून?”

आली लिव्हरमधून. आपण झोपतो तेव्हा मेंदूला आणि रक्तपेशींना साखर लागतेच, ती रात्रभर लिव्हर पुरवतं. किती पुरवायची हे इन्सुलिन सांगतं. इन्सुलिन म्हणजे फक्त शुगर कमी करणारं औषध नाही. तो शरीराचा दिवाणजी आहे. जेवण झालं की तो सगळीकडे निरोप धाडतो: स्नायूंनो, साखर आत घ्या; चरबीच्या पेशींनो, तुमचा माल बाहेर काढू नका; लिव्हर, आता साखर बनवणं थांबव. लिव्हरमध्ये चरबी साचली की हा निरोप त्याला ऐकू येईनासा होतो. दिवाणजी ओरडतो, लिव्हर साखर करतच राहतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं, आणि काही वर्षं असं ओरडून ओरडून काम निभतं. या काळात शुगर नॉर्मलच दिसते! माणसाला वाटतं आपण धडधाकट. एक दिवस स्वादुपिंड थकतं, आणि मग १४८.

पोटातल्या चरबीचा यात वाटा कसा, याचं जुनं उत्तर सरळ आहे. आतड्यांकडून निघणारं रक्त आधी एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. आतड्यांच्या जाळीतली चरबी सुटली तर तीही त्याच रस्त्याने थेट लिव्हरच्या दारात. शिवाय या आतल्या पेशी चंचल. जरा ताण आला की चरबी सोडायला लागतात आणि दिवाणजीला जुमानत नाहीत. लिव्हर त्या चरबीतून ट्रायग्लिसराइड नावाची चरबी बनवून रक्तात पाठवतं आणि त्या गडबडीत चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, घटतं. फुगलेल्या चरबीत सूज धरते, तिथून सूज वाढवणारी रसायनं अंगभर जातात. आणि इन्सुलिन जास्त राहिलं की गुर्दे मीठ धरून ठेवतात, बीपी चढतं. काकाजींची बीपीची गोळी आणि आताची शुगर, ही दोन वेगळी दुखणी नव्हती.

पण हे उत्तर अर्धंच आहे, आणि ते तसं सांगायला हवं. मोजमाप केलं तेव्हा दिसलं की लिव्हरकडे जाणारी बरीचशी चरबी कातडीखालूनच सुटून आलेली असते, जाळीतली थोडी. काही ठिकाणी शस्त्रक्रियेत ओमेंटमची जाळीच काढून पाहिली, त्यानेही इन्सुलिनचं काम सुधारलं नाही. म्हणून आता बरेच जण जाळीला एकटीला गुन्हेगार धरत नाहीत. माझंही मत तेच: पोट हा मुख्य आरोपी असेल-नसेल, पण गावभर बोंब मारणारा कोतवाल नक्की आहे. ते वाढलं म्हणजे मागची खोली भरली, आणि माल लिव्हरकडे निघाला.

याचा पुरावा उलट्या बाजूने पाहिला की पटतो. काही लोक जन्मतःच कातडीखालच्या चरबीशिवाय येतात. दिसायला पैलवान, एकेक स्नायू उठून दिसतो. फारच विरळा आजार आहे, पण त्यात मधुमेह भयंकर असतो आणि लिव्हर चरबीने गच्च. खोलीच नाही, तर सगळा कापूस स्वयंपाकघरात. दुसरीकडे जपानचे सुमो पैलवान: अवाढव्य देह, पण रोजचा सराव चालू असेपर्यंत त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली राहते आणि शुगर ताब्यात असते. अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने २००४ मध्ये १५ लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालून सुमारे १० किलो चरबी ओढून काढली, म्हणजे लायपोसक्शन. कंबर उतरली. इन्सुलिनचं काम, बीपी, रक्तातली चरबी, काहीसुद्धा सुधारलं नाही. मागच्या खोलीतला कापूस ओढला, चुलीजवळचा तसाच राहिला. आणि पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची एक गोळी आहे. ती घेतल्यावर वजन थोडं वाढतं, पण शुगर उतरते, कारण ती चरबीला आतून काढून कातडीखाली नेऊन ठेवते. वजन वाढून तब्येत सुधारते! हे एक उदाहरण कळलं, तर वजनकाट्यावरचा आंधळा विश्वास निम्मा कमी होतो.

मग आपल्याच लोकांत असं का, की ६१ किलोतही ९४ ची कंबर?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर पुण्यातून आलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन-उंचीचा हिशेब, अगदी सारखा: २२.३. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वजन तेच, ऐवज वेगळा. आपल्या अंगात स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती चरबी पोटाकडे झुकलेली.

आणि हे आईच्या पोटात असल्यापासून सुरू होतं. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोच्या आसपास. आपलं बाळ हातापायांनी, स्नायूंनी, सगळ्यातच कमी होतं, पण चरबीत त्यामानाने फारसं कमी नव्हतं. बारीक पण चरबीदार. आई अर्धपोटी, रक्त कमी, सातव्या-आठव्या महिन्यातही निंदणाला जाणारी. बाळ पोटातच काटकसर शिकतं, मेंदू वाचवतं, चरबी राखतं आणि स्नायूंवर कात्री चालवतं. हे वाचताना मला पुण्याची खेडी दिसत नाहीत, आमच्या उपकेंद्राची प्रसूतीची वही दिसते. असं बाळ मोठं होऊन जन्मभर मेहनत आणि कोरडी भाकर यांतच राहिलं तर एक वेळ चालून जातं. पण मध्येच सुबत्ता आली की त्याची लहानशी खोली पटकन भरते.

म्हणूनच मापं वेगळी. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची हद्द ९० सेंटीमीटर ठेवली, युरोपीय पुरुषांना ९४ पर्यंत मुभा. बायकांना ८०. काकाजी युरोपीय वंशाचे असते तर काठावर असते. त्यांचा बीएमआय २२.९६ होता, आणि आपल्याकडे २३ च्या खाली तो ‘नॉर्मल’ म्हणतात. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीत एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत होता, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. म्हणजे काकाजींसारखे, काट्यावर सुटणारे आणि टेपावर सापडणारे, देशात कोट्यवधी आहेत.

बायकांना पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन या बायकी संप्रेरकाचं थोडं कवच असतं. ते चरबीला मांड्यांकडे धाडतं. पाळी गेली की वळण बदलतं आणि तीच चरबी पोटाकडे यायला लागते. वजन एक किलोही न वाढता ब्लाउज तोच बसतो आणि परकराची नाडी मात्र आखूड पडते. ज्यांची पिशवी अंडाशयांसकट काढली आहे त्यांच्यात हे चाळिशीच्या आतही होतं. पिशवी काढलेल्या बाईची शुगर तपासायची आठवण मी आशाताईंना मुद्दाम करून देते.

गावात आणखी काय बदललं ते काही संशोधकाने येऊन सांगायला नको. नांगर-वखर ट्रॅक्टरकडे गेलं, निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वावरात जायला फटफटी. बायका अजूनही वेचणीत वाकून राबतात. गडी माणूस मात्र पन्नाशीनंतर बहुतेक वेळ पारावर किंवा गाडीवर. रोजची ज्वारीची भाकर गेली, रेशनच्या तांदळाचा भात दोन्ही वेळ आला, तूर विकली जाते आणि वरण पाण्यासारखं होतं. म्हणजे प्रथिनं कमी, पीठ जास्त. आणि चहा. मी काकाजींचा हिशेब केला: घरी दोन, बंडी सोडल्यावर एक, ठेल्यावर दोन, संध्याकाळी कुणाकडे एक. सहा कप, कपात दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा. रोजची ६० ग्रॅम, महिन्याची जवळपास पावणेदोन किलो साखर, एकट्या माणसाची, आणि ‘मी गोड खातच नाही’ असं ते मनापासून म्हणत होते. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि तो बराचसा लिव्हरलाच निस्तरावा लागतो. जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. दारूचंही तसंच, तीही लिव्हरच्याच डोक्यावर.

माप घ्यायचं तर टेप नसला तरी चालतं. सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीइतकी तोडा, दुमडून अर्धी करा. ती अर्धी सुतळी कंबरेभोवती आरामात आली पाहिजे. टोकं भेटली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तपासणीला या. काकाजींची निम्मी उंची साडेएक्क्याऐंशी; सुतळी चार बोटांहून जास्त तोकडी पडली.

जागा चुकवू नका. पँटचा नंबर ही कंबर नव्हे. पुरुष पोट वाढलं की पँट पोटाखाली बांधतात आणि वीस वर्षं ‘माझी कंबर चौतीसच’ म्हणत फिरतात. सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कुल्ल्याच्या हाडाचा वरचा काठ. त्या दोन्हींच्या मधोमध माप. श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही (सगळेच ओढतात, सरपंच सुद्धा). बायकांचं माप नाडीच्या गाठीवरून घेतलं तर दोन-तीन सेंटीमीटर फुकट वाढतात, म्हणून आडोसा करून नाडी सैल करायला सांगते. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा आजाराचा धोका मोजणारा जो सीबॅक फॉर्म भरतात त्यात कंबरेचा रकाना आहे: पुरुष ९० पर्यंत शून्य गुण, ९१ ते १०० एक, त्यापुढे दोन, बायका ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० एक, त्यापुढे दोन. वय, तंबाखू, दारू, घराण्यातला आजार धरून बेरीज चारच्या वर गेली की आधी त्यांना बोलावतो. हा रकाना अंदाजे भरू देऊ नका. ताई टेप घेऊन आल्या तर लाजू नका.

मात्र फुगलेलं प्रत्येक पोट चरबीचं नसतं. रोज दारू पिणाऱ्याचे हातपाय वाळले, पोट थोड्याच दिवसांत वाढलं, पाय सुजले, डोळे पिवळे, तर ते पाणी असू शकतं. जलोदर. तिथे सुतळी आणि चालणं काही कामाचं नाही. त्याला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्या.

उरला उपाय. यात एक चांगली गोष्ट आहे: सगळ्यात शेवटी चुलीजवळ आलेला कापूस सगळ्यात आधी हलतो. वजन थोडंसं, शंभरात पाच-सात, उतरलं तरी लिव्हरमधली आणि पोटातली चरबी त्याहून मोठ्या प्रमाणात कमी होते. इंग्लंडमधले रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही लोकांचं वजन काही महिन्यांच्या कडक आहाराने उतरवलं. वर्षअखेर जवळपास निम्म्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती. हे लोक बऱ्यापैकी जाड होते आणि त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हे विसरू नका. टेलर यांचं म्हणणं असं की प्रत्येकाची चरबी पेलायची आपापली मर्यादा असते. काकाजींची ६१ च्या आतच कुठेतरी असणार. त्यांना ४-५ किलो उतरवणंही पुष्कळ.

पण कसं उतरवायचं हे महत्त्वाचं. उपास करकरून उतरवलं तर आधीच पऱ्हाटी असलेले हातपाय आणखी वाळतील. स्नायू म्हणजे साखर खपवणारी पेठ. ती बंद करून कसं चालेल? म्हणून चहातली साखर आधी अर्धी, मग बंद. भात एका वेळी, आणि ताटात वरण घट्ट, उसळ, अंडं, दही, जे परवडेल ते. जेवल्यावर लगेच खाटेवर न पडता गावाला एक फेरी. झपझप चालायचं, दिवसाला अर्धा तास. चालण्याने वजन न हलताही आतली चरबी कमी होते, म्हणून काटा हलला नाही तर निराश व्हायचं कारण नाही. आणि थोडं वजन उचलायचं काम, उठबशा. पोटाच्याच व्यायामाने पोटाचीच चरबी जाते हा गैरसमज. स्नायू घट्ट होतात, चरबी शरीर स्वतःच्या क्रमाने काढतं. बाजारात मिळणारा घाम आणणारा पट्टा, पोट उतरवणारा काढा, यांबद्दल काय बोलावं. एका पेशंटने त्या पट्ट्याला जेवढे दिले तेवढ्यात महिनाभर घरात रोज अंडी आली असती.

ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण एकदम तोडू नये. शुगर खाली जाऊन वावरात चक्कर येईल. आधी विचारा, गोळीचं प्रमाण बदलावं लागतं. आणि विदर्भातल्यांसाठी एक खास गोष्ट: घरात सिकलसेल असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी फसवू शकते, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर चालते आणि सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मरतात. आकडा खोटाच चांगला येतो. लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड आधी दाखवा.

काकाजींची शुगर आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा तपासली, १४१ आली. गोळी सुरू झाली. सुतळी त्यांनी मागून घेतली आणि खिशात घातली. पंधरा दिवसांनी गोळ्या न्यायला आले तेव्हा त्या सुतळीला तीन गाठी होत्या. एक त्यांची, एक धाकट्या भावाची, एक पोराची. पोरगा २६ वर्षांचा, त्याचीही सुतळी पुरत नव्हती. घरच्या बाईची गाठ कुठे आहे, विचारलं.

“तिले येळच नाई जी. वेचणी चालू हाये.”

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. त्या दिवशी सकाळी घेऊन येतो म्हणालेत.